डोळे मिटले की वृक्षासन का मोडतं? (चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सकाळचावर्ग

आमच्या सकाळच्या व्यायामवर्गात ५५ ते ७८ वयाची मंडळी आहेत. वृक्षासनात समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बहुतेक जण वीसेक सेकंद नीट उभे राहतात. "आता डोळे मिटा" म्हटलं, की तीन-चार सेकंदांत घोटा लटपटायला लागतो आणि उचललेला पाय खाली येतो. पायातली ताकद तीच, फरशी तीच. मग डोळ्यांनी नेमकं काय धरून ठेवलेलं असतं?

दुसरा प्रश्न जास्त काळजीचा आहे. दोन-तीन जणांचा दोन्ही पायांवर उभं असतानाही डोळे मिटल्यावर झोक जातो. हे वयोमानाचं समजायचं, की नस, कान, मेंदू यांपैकी काही बिघडल्याचं? वर्गात यंत्रं नाहीत. खुर्ची, फोम आणि भिंत एवढ्यावर काही तपासता येईल का? आणि कुणालाही विचारलं तर उत्तर एकच मिळतं, "चक्कर येते." त्यावर पुढे काय विचारावं?

लंबक

अनवाणी एका पायावर उभं राहून आपल्याच घोट्याकडे नीट बघा. पावलावरच्या कंडरा तंबोऱ्याच्या तारांसारख्या ताठतात आणि सैल पडतात, अंगठा फरशी दाबतो, सोडतो, परत दाबतो. स्थिर उभं असलेलं माणूसही आतून असं सारखं हलत असतं. शरीराचा गुरुत्वमध्य ओटीपोटात, जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीवर. त्याखाली आधार किती? एका पावलाची रुंदी, म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर. गुरुत्वमध्याची सरळ रेषा या पट्टीबाहेर गेली की पाय टेकावाच लागतो.

ती रेषा कुठे आहे हे मेंदूला थेट मोजता येत नाही. तीन ठिकाणांहून आलेल्या खबरांवरून तो अंदाज बांधतो.

पहिली खबर पायांची. पोटरीच्या स्नायूंमध्ये ताण मोजणारे बारीक तंतू असतात, त्यांना स्नायुतर्कू म्हणतात. घोटा किंचित वाकला तरी त्यांना कळतं. त्यांच्या नसा शरीरातल्या सर्वांत वेगवान नसांपैकी आहेत, सेकंदाला ८० ते १२० मीटर. (ठणका नेणाऱ्या बारीक नसांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. म्हणून पायाला ठेच लागली की आधी पाय मागे येतो आणि ठणका नंतर पोचतो.) तळव्याच्या कातडीतली दाब ओळखणारी नसांची टोकंही वजन टाचेवर आहे की चवड्यावर हे सांगत असतात.

दुसरी खबर आतल्या कानाची. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्या डोकं वळणं पकडतात. आणि दोन पिशव्या, त्या डोक्याचा कल आणि सरळ रेषेतला वेग वाढणं-कमी होणं पकडतात. एक मर्यादा लक्षात ठेवा: वेगाच्या बाबतीत कानाला फक्त बदल कळतो. वेग एकसारखा राहिला की तो गप्प. शेजारच्या रुळावरची लोकल हळूच सुटली की आपलीच सुटल्यासारखं वाटतं ते यामुळे. डोळे "हललो" म्हणतात आणि इतक्या हळू सुरुवातीवर कानाकडे बोलायला काही नसतं.

तिसरी खबर डोळ्यांची. शरीर उजवीकडे झुकलं की समोरचं चित्र पडद्यावर उलट सरकतं. डोळ्यांवरून येणारी दुरुस्ती सावकाश असते, पण हळूहळू होणारी सरक डोळे फार चांगली पकडतात. आतल्या कानाला कळायला झोक तुलनेने मोठा व्हावा लागतो.

कठीण जमिनीवर, उजेडात, दोन्ही पायांवर उभ्या असलेल्या निरोगी माणसात मेंदू साधारण ७० टक्के भरवसा पायांच्या खबरेवर ठेवतो, २० टक्के कानावर आणि १० टक्के डोळ्यांवर. हे ढोबळ आकडे. मग डोळे मिटल्यावर दहाच टक्के जायला हवेत, आसन का मोडतं? कारण हे वाटे ठरलेले नसतात. एका पायावर घोटा स्वतःच इतका डोलतो की त्याच्या खबरेत गोंगाट फार वाढतो. लगेच मेंदू डोळ्यांचा वाटा वाढवतो, आणि वाढलेला वाटाच तुम्ही डोळे मिटून काढून घेता. तरुण माणूस अशा वेळी चटकन कानाकडे वळतो. वय वाढतं तसं हे वळणं मंदावतं आणि कानातल्या संवेदी पेशीही कमी होत जातात. म्हणून साठीनंतर डोळे मिटून एका पायावर चार-पाच सेकंद टिकले तरी ते वयाला धरून आहे. त्यावरून कुणाला आजारी ठरवू नका. उघड्या डोळ्यांनी पाच सेकंदही जमत नसेल तर मात्र दखल घ्या. त्या माणसाला पडून इजा होण्याचा धोका जास्त असतो.

ठिपक्याबद्दल एक: तो एक-दीड मीटरवर हवा. वस्तू जितकी जवळ तितकी आपल्या झोकाने ती डोळ्यांत जास्त सरकते, म्हणजे खबर ठळक मिळते. गच्चीवर मोकळ्या आकाशाकडे तोंड करून वृक्षासन घेतलं तर डोळे उघडे असूनही हा फायदा जवळजवळ जातो.

तळपाय

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला वृक्षासनाचा उपयोग नाही, ती परीक्षा फार अवघड आहे. आधी दोन्ही पायांवर तपासा. खबरेची एकेक वाट बंद करायची आणि माणूस केव्हा ढळतो ते बघायचं.

जागा म्हणजे खोलीचा कोपरा. पाठ कोपऱ्याकडे पण न टेकलेली, समोर हाताच्या अंतरावर जड खुर्ची, बाजूला एक जण, त्याचे हात त्या व्यक्तीच्या अंगापासून वीतभर. पाय अनवाणी, जुळलेले, हात छातीवर घडी. प्रत्येक स्थिती ३० सेकंद.

१. कठीण फरशी, डोळे उघडे.
२. कठीण फरशी, डोळे मिटलेले.
३. फोमवर, डोळे उघडे.
४. फोमवर, डोळे मिटलेले.

पाऊल हललं, हात सुटले किंवा डोळे उघडले की वेळ तिथेच थांबवायची. तीन प्रयत्न द्या, पहिल्या प्रयत्नात निम्मे लोक घाबरूनच ढळतात. फोम तीन-चार इंच जाडीचा आणि घट्टसर हवा. कापसाची गादी दबून सपाट होते, मग ती फरशीच झाली. मऊ उशी एका बाजूने दबते आणि घोटा मुरगळतो. ती नकोच.

आता वाचायचं कसं. दुसऱ्या स्थितीतच, कठीण फरशीवर डोळे मिटताच झोक जातो, तर पायांची खबर वर पोचत नाही असा पहिला संशय. तो माणूस इतके दिवस डोळ्यांच्या भरवशावर उभा होता. पहिल्या तिन्ही बऱ्या आणि चौथ्यातच ढळतो, तर संशय आतल्या कानावर, कारण फोमने पायांची खबर बिघडवली, डोळे मिटलेले, उरला फक्त कान. उघड्या डोळ्यांनी फरशीवरच पाय फाकवून उभं राहावं लागतं, तर लहान मेंदू, पायातली अशक्तता किंवा झोपेच्या, बीपीच्या गोळ्या यांकडे बघायला हवं. या घरगुती तपासणीतून निदान होत नाही, कुणाला कोणत्या डॉक्टरांकडे पाठवायचं एवढं कळतं.

यातली पहिली जोडी १९व्या शतकातल्या मोरिट्झ रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्याआधीपासून रोग्यांना मात्र ती बेसिनपाशी रोज कळत होती आणि आजही कळते. म्हणून असा प्रश्न विचारा: "सकाळी तोंड धुताना, डोळ्यांवर पाणी मारताना, बेसिन धरावं लागतं का?" डोळे मिटलेले, मान वाकलेली, दोन्ही हात तोंडाशी, म्हणजे आधाराला एकही हात नाही. "हो, डावा हात नळावरच असतो" असं उत्तर आलं तर तो माणूस तपासायचाच.

दुसरा प्रश्न: "चालताना चप्पल पायातून निसटते आणि मागे राहिल्याचं कळत नाही, असं होतं का?" तळव्याची आणि बोटांची संवेदना गेल्याची याहून बोलकी खूण घरात मिळणार नाही.

तिसरी तपासणी दोन मिनिटांची. माणसाला आडवं झोपवून डोळे मिटायला सांगा. पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरा. वरून-खालून धरू नका, नाहीतर दाबावरूनच दिशा कळते आणि तपासणी फुकट जाते. अंगठा काही मिलिमीटर वर किंवा खाली न्या आणि विचारा, वर की खाली? आठ-दहा वेळा, क्रम न ठरवता. निरोगी माणूस क्वचितच चुकतो. अंदाजपंचे उत्तरं आली तर सांध्याच्या स्थितीची जाणीव कमी झाली आहे.

आपल्याकडे याची दोन मोठी कारणं. एक मधुमेह: लांब नसा आधी जातात, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो. दवाखान्यात १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून हे बघतात. दुसरं बी-१२ ची कमतरता. पायांची खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून चढते आणि बी-१२ कमी पडलं की त्या लांब तंतूंवरचं मायलिनचं वेष्टन खराब होतं. पूर्ण शाकाहारी आणि दूधदहीही बेताचंच घेणारे, जठराचे आजार असलेले, आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, आणि मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांच्यात ही शक्यता जास्त. शेवटचा गट मला सर्वांत जास्त खटकतो: पाय बधिर झाले की "शुगरमुळे" म्हणून सोडून देतात, मेटफॉर्मिनने बी-१२ खाली आलं असेल हे बघितलंच जात नाही. रक्तात मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० मध्ये संशय कायम ठेवतात. आणि मनाने नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. हे नुकसान लवकर पकडलं तर बरंचसं भरून येतं, उशीर झाला तर राहून जातं.

गोगलगाय

तुमचा "चक्कर येते" वाला प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. कानाच्या बाह्यरुग्ण विभागात निम्मं निदान या एका शब्दाची फोड केल्यावर होतं, आणि मराठीत ती फोड करायला शब्द तयार आहेत. "चक्कर" ऐकली की पुढे विचारायचं: गरगरतं, अंधारी येते, की झोक जातो?

*गरगरतं* म्हणजे खोली फिरते, पंखा भिंतीवर जातो. दोन कानांच्या खबरा जुळत नाहीत. फुगडी घालून एकदम थांबल्यावर सगळ्यांनी हे अनुभवलेलं असतं. फिरताना सुरुवातीला नलिकेतला द्रव मागे राहतो, मग तोही आपल्या वेगाने फिरू लागतो. आपण थांबतो, पण द्रव जडत्वाने पुढे वाहत राहतो आणि नलिकेतला जेलीसारखा पडदा उलट बाजूला वाकतो. मेंदूला खबर जाते की आपण उलट दिशेने फिरतोय. थांबल्यावरही मैत्रिणीच्या डोळ्यांकडे बघा, बुबुळं सावकाश एका बाजूला सरकतात आणि झटक्याने परत येतात.

*डोळ्यांपुढे अंधारी येते, घेरी येते* म्हणजे मेंदूला रक्त कमी पडतंय. झोपलेलं उठून उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा बीपी २० ने उतरला तर ते कारण. याचा कानाशी संबंध नाही. बीपीचं मशीन आणा, आडवं असताना मोजा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. बसवून मोजलेला बीपी इथे काही सांगत नाही.

*झोक जातो* म्हणजे डोकं शांत, पण चालताना पाय ठरत नाहीत. बसलं की काहीच त्रास नाही. ही वाट तळपाय यांनी सांगितलेल्या तपासणीकडे जाते.

गरगरण्यात ज्येष्ठांमधलं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कानातले खडे सरकणं. कानातल्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात, त्यांच्या वजनावरून डोक्याचा कल कळतो. काही कण सुटून नलिकेत शिरतात, बहुधा मागच्या नलिकेत, कारण ती सर्वांत खाली असते. मग कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, केर काढायला वाकलं, की दोन-चार सेकंदांनी जग फिरतं आणि मिनिटभराच्या आत थांबतं. ही वेळ नीट विचारा. तासन्‌तास सलग गरगरत असेल तर दुखणं वेगळं.

यावर गोळी चालत नाही, कारण गोळीने खडा हलत नाही. तो जिथून आला तिथे गुरुत्वाकर्षणानेच परत न्यायचा. याला जॉन एप्ली यांच्या नावाने एप्लीची पद्धत म्हणतात. उजव्या कानासाठी अशी: पलंगावर पाय लांब करून बसवा, आडवं पडल्यावर खांद्यांखाली येईल अशी उशी मागे ठेवा. डोकं ४५ अंश उजवीकडे वळवा. तसंच पटकन मागे झोपवा, डोकं उशीपलीकडे थोडं मागे झुकलेलं राहिलं पाहिजे. गरगर येईल. ती थांबेपर्यंत आणि वर अर्धा मिनिट थांबा. मग डोकं न उचलता ९० अंश डावीकडे, पुन्हा अर्धा-एक मिनिट. मग पूर्ण अंग डाव्या कुशीवर आणि डोकं आणखी ९० अंश, नाक जमिनीकडे येईपर्यंत. पुन्हा थांबा. शेवटी डाव्या बाजूनेच पाय खाली सोडून बसवा, हनुवटी छातीकडे.

फसतं ते बहुतेक तीन ठिकाणी. कान चुकीचा निवडला. दुसऱ्यातून तिसऱ्या स्थितीत जाताना डोकं वर उचललं, मग खडा मागे घसरतो. किंवा गरगर नको म्हणून घाईने उरकलं. कण द्रवातून सावकाश खाली येतो, त्याला वेळ लागतोच. पहिल्यांदा हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या, कान कोणता ते बुबुळांच्या झटक्यावरून ठरवावं लागतं. मानेचं ऑपरेशन झालेलं, मानेचा गंभीर संधिवात किंवा नुकताच डोळ्याचा पडदा सरकलेला असेल तर वर्गात अजिबात करू नका.

एक कळकळीची विनंती. चक्करच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवलेली माणसं तुमच्या वर्गात असतील. प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन यांसारख्या गोळ्या तीव्र गरगरीत दोन-तीन दिवस ठीक. एका कानाची खबर बिघडली तर मेंदू काही आठवड्यांत नवा हिशेब बसवतो, पण त्यासाठी त्याला चूक जाणवावी लागते. या गोळ्या ती जाणीवच दाबतात. शिवाय वयस्कर माणसांत लांबवर घेतल्यास हात कापणं, चाल मंदावणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. दुसरं, "मानेचा स्पॉन्डिलायटिस आहे म्हणून चक्कर" हे निदान आपल्याकडे फार सवंग झालं आहे. पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच. पट्टा बांधून मान आखडते, आणि खडा असतो तिथेच राहतो.

आणि हे तोंडपाठ असू द्या: अचानक गरगरणं, सोबत बोलणं अडखळणं, एकाची दोन दिसणं, तोंड किंवा हातपाय बधिर होणं, पूर्वी कधी न झालेली डोकेदुखी, किंवा आधाराशिवाय उभंच राहता न येणं, यातलं काहीही असेल तर थेट मोठं रुग्णालय. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवण्याचं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

घाटवाट

मधेच विचारतो. घाटात मोबाईल बघितला की गाडी लागते, ती याच हिशेबातली का? आणि ड्रायव्हरला कधी लागत नाही ते का?

गोगलगाय

हो. कान सांगतो वळलो, डोळे सांगतात समोरचा पडदा जागचा हललेला नाही. हा विसंवाद टिकला की मळमळ. ड्रायव्हरचा मेंदू स्टिअरिंग फिरवण्याआधीच वळणाचा अंदाज बांधून ठेवतो, त्यामुळे आलेली खबर अपेक्षित निघते. पुढच्या सीटवर बसून लांबच्या रस्त्याकडे बघत राहिलं की थोडासा तोच फायदा मिळतो. ज्यांचे दोन्ही आतले कान पूर्ण निकामी झालेत त्यांना गाडी लागत नाही.

लंबक

वर तळपाय यांनी लिहिलेल्यात एक मुद्दा ठळक करतो, कारण विद्यार्थीही इथे चुकतात. डोळे मिटल्यावर झोक जाणं ही लहान मेंदूची तपासणी नाही. लहान मेंदू बिघडला तर डोळे उघडे असतानाच माणूस डोलतो. खबरा नीट येत असतात, त्यांची सांगड घालून स्नायूंना योग्य वेळी योग्य जोर लावायला सांगणारा बिघडलेला असतो. खबर हरवणं आणि हिशेब चुकणं हे दोन वेगळे दोष आहेत.

कानाची खबर डोळ्यांच्या स्नायूंना किती झटकन मिळते ते वर्गात असं दाखवा. छापलेलं पान हाताच्या अंतरावर स्थिर धरा आणि डोकं "नाही नाही" असं सेकंदाला दोनदा हलवा. अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर आणि पान त्याच वेगाने हलवा. अक्षरं फासली जातात. पहिल्या वेळी कानातून निघालेली खबर मस्तिष्कस्तंभातून डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत तीनच चेतापेशींच्या साखळीने, १० मिलिसेकंदांच्या आत पोचते आणि डोकं जितकं उजवीकडे तितके डोळे डावीकडे वळतात. दुसऱ्या वेळी डोळ्यांनी बघून मग पाठलाग करायचा, त्याला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात.

पहिल्या प्रयोगातही अक्षरं फासत असतील, चालताना दुकानाच्या पाट्या हलताना दिसत असतील आणि अंधारात पाय ठरत नसेल, तर दोन्ही कानांची तपासणी हवी. विचारा की पूर्वी जेंटामायसिनची किंवा क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली होती का. ही औषधं आतल्या कानाच्या संवेदी पेशी मारू शकतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. अशा माणसाला गरगरत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच गेलेल्या असतात. म्हणूनच निदान वर्षानुवर्षं राहून जातं.

सकाळचावर्ग

बेसिनचा प्रश्न उद्याच सगळ्यांना विचारते. आता एवढंच सांगा: ज्यांचा झोक जातो त्यांना भिंत धरू द्यावी का? धरली तर मेंदू भिंतीवरच विसंबेल आणि सुधारणा होणार नाही असं वाटतं. आणि व्यायाम किती, कोणत्या क्रमाने?

तळपाय

भिंत धरू देऊ नका, भिंतीला बोट टेकवू द्या. यात खूप फरक आहे. तर्जनीचं टोक १०० ग्रॅमहून कमी दाबाने, म्हणजे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काटा जेमतेम हलेल इतकंच, स्थिर वस्तूला टेकवलं तरी उभ्या माणसाचा झोक स्पष्टपणे कमी होतो. एवढ्याशा दाबाने शरीर तोललं जाणं शक्य नाही. बोटाच्या टोकाची कातडी फार संवेदनशील असते, अंग हललं की तिथे ताण पडतो आणि मेंदूला झोकाची चौथी खबर मिळते. काठीचंही तेच. पाय बधिर असलेल्यांना काठीचा निम्मा फायदा वजनाचा आणि निम्मा खबरेचा आहे, असं मी मानतो. "मला काठीची गरज नाही" म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगितलं की ते काठी घ्यायला तयार होतात.

क्रम असा ठेवा. पाय जुळवून, डोळे उघडे, दोन्ही हातांचं एकेक बोट भिंतीला. मग एकच बोट. मग बोट उचलून एक सेंटिमीटरवर धरलेलं. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याशेजारी, मग एकापुढे एक सरळ रेषेत. एका पायावर त्यानंतर. प्रत्येक पायरीवर ३० सेकंद तीनदा, न ढळता जमलं तरच पुढे. डोळे मिटण्याची पायरी प्रत्येक टप्प्यात शेवटी, आणि सुरुवातीला बोट टेकवूनच. ज्यांच्या पायांची खबर कायमची गेली आहे त्यांच्याकडून डोळे मिटून व्यायाम करून घेण्यात अर्थ नाही. त्यांना उजेड, आधार आणि काठी यांची सवय लावा.

ज्यांचा दोष कानाचा निघाला आहे त्यांना नजरेचा व्यायाम. भिंतीवर हाताच्या अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला "क" अक्षर लिहा. त्यावर नजर रोखून डोकं उजवी-डावीकडे हलवायचं, अक्षर फासणार नाही इतक्याच वेगाने. एक मिनिट, मग वर-खाली एक मिनिट. दिवसभरात मिळून जुन्या दुखण्यात २० मिनिटं, चार ते सहा आठवडे. थोडी गरगर येणं अपेक्षित आहे, पण व्यायाम थांबवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ती ओसरली पाहिजे. तासभर टिकत असेल तर वेग कमी करा, व्यायाम बंद करू नका.

घरासाठी तीन गोष्टी. पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा, कारण अंधारात उठणं म्हणजे वरच्या तपासणीतली दुसरी स्थितीच. जाड, मऊ तळव्यांची चप्पल म्हणजे पायाखाली फोम बांधून फिरणं, त्याऐवजी पातळ, घट्ट तळव्याची आणि मागे पट्टा असलेली घ्या. आणि प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्याची खालची काच जवळच्या वाचनाची असते, जिना उतरताना नेमकी पुढची पायरी तिच्यातून पुसट दिसते. जिन्यासाठी लांबचा साधा चष्मा वेगळा ठेवायला सांगा, किंवा निदान हनुवटी खाली घेऊन वरच्या काचेतून पायरी बघायला शिकवा.

सकाळचावर्ग

दीड मीटरवरचा ठिपका, भिंतीला बोट आणि बीपीचं मशीन, एवढी तयारी करते. ज्यांचा फरशीवरच झोक जातो त्यांना आधी बी-१२ आणि साखरेच्या तपासणीला पाठवते, ती झाल्याशिवाय वृक्षासनात उभं करणार नाही. बरोबर ना?

तळपाय

बरोबर. तपासणीला जाताना ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायला सांगा, रिकामी असली तरी.